‘मीमांसा’ लिहिताना या चुका टाळा

पहिली चूक पहिल्याच अक्षराची. ऱ्हस्व ‘मिमांसा’ मी आजवर किती वेळा खोडलं असेल, त्याची गणती नाही. एकदा एका स्मरणिकेची मुद्रितं तपासत होतो. आतल्या पानांवर चौदा ठिकाणी ‘मी’ दीर्घ केला. मुखपृष्ठ माझ्याकडे आलंच नाही. घाईत शीर्षक इंटरनेटवरून उचललं होतं. ५०० प्रतींवर सोनेरी अक्षरांत ‘मिमांसा’! स्मरणिका ज्यांच्या गौरवासाठी होती, ते संस्कृतचे प्राध्यापक. व्यासपीठावर त्यांनी त्या अक्षरावर बोट ठेवलं आणि न बोलता पान उलटलं. मला ते अजून बोचतं. मुखपृष्ठ पाहिल्याशिवाय आता मी मुद्रितं परत देत नाही.

ही चूक पिपासा, जिज्ञासा यांच्या सवयीने होते. हे सगळे शब्द ‘सन्’ प्रत्ययाचे; संस्कृतात तो धातूला लागतो, बहुधा इच्छेच्या अर्थाने. धातूची द्विरुक्ती होते आणि तिथे पहिलं अक्षर ऱ्हस्व राहतं. पण मान्, बध्, दान्, शान् या चार धातूंसाठी पाणिनीने वेगळं सूत्र केलं: ‘मान्बधदान्शान्भ्यो दीर्घश्चाभ्यासस्य’ (३.१.६). अभ्यास म्हणजे द्विरुक्तीतला पहिला भाग, तो दीर्घ. म्हणून ‘मीमांसते’ हे क्रियापद आणि त्यावरून ‘मीमांसा’. शिकायला येणाऱ्यांना मी हे सूत्र आधी पाठ करायला लावतो. ‘थोडक्यात सांगा’ म्हणणारे महिन्याभराने पुन्हा ‘मि’च लिहितात.

‘मी’ आणि ‘मांस’ अशी फोड करू नका. संबंधच नाही.

‘विचार करण्याची इच्छा’ हा अर्थही उतावळेपणाचा. इच्छेचा अर्थ पाणिनी पुढच्या सूत्रात, ३.१.७ मध्ये सांगतो. हे चार धातू त्याने त्याआधीच वेगळे काढले. मीमांसते म्हणजे कसून शोध घेतो, खल करतो. मूळ धातू परंपरेने ‘मान्’. आधुनिक भाषाशास्त्र मन, मती, मनन यांचा ‘मन्’ धरतं. कोणतं मत मांडतोय ते लिहा, दोन्हींची खिचडी नको.

पूर्वमीमांसा म्हणजे ‘जुनी’ मीमांसा नव्हे. वेदाच्या पूर्वभागाची, कर्मकांडाची.

शेवटची चूक जाणकारही करतात. छांदोग्य उपनिषदात (५.११.१) पाच महाश्रोत्रिय, म्हणजे मोठे वेदज्ञ, एकत्र येऊन ‘मीमांसां चक्रुः’: आपला आत्मा कोण, ब्रह्म काय? हे एकच क्रियापद, आम्-प्रत्ययान्त लिट् (‘आम्’ लावून केलेलं भूतकाळाचं रूप), असं वाटू शकतं. पण मीमांसते आत्मनेपदी, त्यामुळे तसं रूप ‘मीमांसांचक्रिरे’ झालं असतं. इथे ‘मीमांसां’ ही नामाची द्वितीया, सरळ ‘मीमांसा केली’. मराठीतही क्रियापद आलं नाही, नाम आलं. म्हणून आपण त्याला ‘करणे’ जोडतो.