सोलापुरात भाड्याने द्यायला फ्लॅट घेताय? आधी हप्त्याचं बघा
जुळे सोलापूरला नाहीतर होटगी रोडला एखादा टू बीएचके घेऊन टाकू, भाड्यातून हप्ता फिटत राहील, असं सगळेच म्हणतात, पण कागद-पेन घेऊन बसलं की ते जमत नाही. समजा फ्लॅट २५ लाखाचा. ३० लाखापर्यंतच्या होमलोनला बँक जास्तीत जास्त ९०% देऊ शकते, म्हणजे साडेबावीस लाख. साडेआठ टक्क्याने २० वर्षांचा हप्ता साडेएकोणीस हजाराच्या आसपास जातो आणि भाडं धरा ९ हजार, मग वरचे साडेदहा हजार दर महिन्याला पगारातून घालायचे. झेपत असेल तर घाला की, पण त्याला भाड्याची कमाई म्हणू नका. तेच लोन १० लाखच काढलं तर हप्ता ८,७०० च्या आत बसतो, घरपट्टी आणि मेंटेनन्स तेवढा खिशातून. माझं मत विचाराल तर निम्मे पैसे हातात नसताना भाड्यासाठी फ्लॅट घ्यायची घाई नको.

वरचा खर्च वेगळा. स्टॅम्प ड्युटी महापालिका हद्दीत साधारण ६%, नोंदणी १% पण ३० हजाराच्या वर नाही, आणि हे पैसे बँक लोनमध्ये धरत नाही. खरेदी बायकोच्या एकटीच्या नावावर केली तर ड्युटीत १% सूट मिळते, जॉइंट नाव लावलं की गेली. (पैसे तुमचेच असतील तर भाडं मात्र इन्कम टॅक्सवाले तुमच्या उत्पन्नात धरतात.) बांधकाम चालू असेल तर जीएसटी, ४५ लाखापर्यंत आणि कार्पेट ९० चौरस मीटरपर्यंत १%, नाहीतर ५%. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या फ्लॅटला काहीच नाही.

आता पाणी. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही आणि भाडेकरूचा पहिला प्रश्न तोच असतो, त्यामुळे फरशी-किचन ट्रॉली बघत बसण्यापेक्षा खाली हौद केवढा आहे, बोअर उन्हाळ्यात चालतो का, टँकरचे पैसे कोण भरतं हे शेजाऱ्यालाच विचारा, बिल्डरला नको. जमलं तर एप्रिल-मे मध्येच फ्लॅट बघायला जा.

कागदाचं वकिलाकडून करून घ्या, ३० वर्षांचा सर्च (म्हणजे आधीचे मालक आणि व्यवहार यांची तपासणी), एनए (बिगरशेती परवानगी), बांधकाम परवाना. गुंठेवारीतलं, म्हणजे मंजुरी न घेता गुंठ्या-गुंठ्याने तुकडे पाडून विकलेल्या जागेवरचं, स्वस्त दिसतं पण नियमित झालेलं नसेल तर बँका सहसा हात लावत नाहीत. आठपर्यंत फ्लॅटच्या छोट्या अपार्टमेंटला महारेराची (बिल्डरांच्या प्रकल्पांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाची) नोंदणी लागत नाही, म्हणजे तिथे तपासणी तुम्हालाच करायची. इसार देताना लोन मंजूर झालं नाही तर पैसे परत, हे पावतीत लिहूनच घ्या, आणि विकणारा "थोडे रोख द्या, खरेदीखत कमी रकमेचं करू" म्हणाला तर सरळ उठा, कारण बँक लोन कागदावरच्या किमतीवरच देते आणि वरचे सगळे तुमच्या डोक्यावर.

भाडेकरू ठेवला की करार रजिस्टर करा, ओळखीचा असला तरी. आपल्याकडे ती जबाबदारी मालकाची आहे.