कॅबरने मुरवताय? या चुका टाळा

एखाद्या वाइनरीचं जुनं गिऱ्हाईक झालं की एक भाबडी समजूत घट्ट होते: आपल्या वाइनरीची कॅबरने (कॅबरने सोव्हिन्यों द्राक्षांची लाल वाइन) आहे, ठेवली की सुधारणारच. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. बाटलीत टॅनिनचे, म्हणजे तुरटपणा देणाऱ्या द्रव्यांचे, रेणू एकमेकांना जोडले जातात, काहींचा गाळ होतो आणि जिभेवरचा तुरटपणा मवाळ होतो. फळाचा स्वाद मात्र वाढत नाही, उलट ओसरत जातो, आणि आंबटपणा जवळपास होता तिथेच राहतो. नव्या वाइनमध्ये फळच पातळ असेल, तर टॅनिन उतरल्यावर हाती पोकळ, आंबूस काहीतरी उरतं. अर्धकच्च्या द्राक्षांतून येणारा ढोबळ्या मिरचीचा उग्र वासही मुरून जाईल अशा आशेवर राहू नका. तो देणारी पायराझिन नावाची द्रव्यं फार टिकाऊ असतात.

टेस्टिंग रूममध्ये दोन घोटांवर पेटीभर वाइन घेऊ नका. एक बाटली घरी आणा, अर्धी प्या, बूच लावून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चाखा. फळ अजून जिवंत असेल, वाइन उलट मोकळी झाली असेल, तर ती थांबण्याच्या लायकीची आहे. हा काही शास्त्रीय पुरावा नव्हे, पण कुणा समीक्षकाने दिलेल्या गुणांपेक्षा मी यावर जास्त विसंबतो.

दरवर्षी एकेक बाटली जमवत जाणं हीसुद्धा चूकच. एकुलती एक बाटली उघडायला हात धजत नाही, आणि उघडली तरी ती वेळेआधी उघडली की वेळ टळल्यावर, हे ताडायला दुसरी नसते. त्यापेक्षा आवडलेल्या एका वर्षाच्या (म्हणजे द्राक्षतोडीच्या वर्षाच्या) सहा घ्या, अंतराअंतराने उघडा आणि चार ओळी लिहून ठेवा. मधली एखादी मुकी निघेल, ना वास ना चव. कॅबरनेचा असा मिटलेला काळ असतो, म्हणून घाईने बाकीच्या विकून टाकू नका. पॅरिसमध्ये 24 मे 1976 रोजी ब्रिटिश वाइनविक्रेते स्टीव्हन स्परिअर यांनी भरवलेल्या चाचणीत कॅलिफोर्नियातल्या स्टॅग्ज लीप वाइन सेलर्सची 1973ची कॅबरने पहिली आली आणि रिज माँटे बेलोची 1971ची पाचवी. 2006 साली त्याच वाइन पुन्हा चाखल्या गेल्या, तेव्हा माँटे बेलो पहिली आली. बहुतेक परीक्षक बदलले होते हे खरं, पण तरुणपणी जिंकणारी बाटली म्हातारपणीही जिंकेल असं नाही, एवढं त्यातून दिसतंच.

लेबल तेच म्हणजे वाइन तीच, असंही धरू नका. वाइनमेकर बदलतो, द्राक्षं उशिरा तोडली जाऊ लागतात. कॅलिफोर्नियातल्या नापा खोऱ्याच्या जुन्या कॅबरनेवर 12.5 किंवा 13 टक्के अल्कोहोल दिसतं, पुढच्या काळातल्या अनेकींवर 14.5च्या वर. जुनी बाटली वीस वर्षं टिकली म्हणून नवीही टिकेल हा हिशेब कच्चा आहे.

साठवणीत साधारण 12 ते 14 अंश तापमान हवं, अंधार हवा, बाटली आडवी हवी. आकडा एखाद्या अंशाने चुकला तर बिघडत नाही, रोजची चढउतार घातक. फ्रिजच्या डोक्यावरची जागा सर्वांत वाईट, आणि घरगुती फ्रिजमधल्या कोरड्या हवेत वर्षानुवर्षं ठेवलं तर बूच सुकतं. बूच तोंडाबाहेर डोकावत असेल किंवा झाकणाखाली चिकट ओघळ असेल, तर बाटलीने बहुधा ऊन खाल्लंय. ती आधी संपवा. उन्हाळ्यात माल पाठवू नका, असं वाइनरीला आधीच सांगून ठेवा.

जुनी बाटली आदल्या दिवशी उभी करा म्हणजे गाळ तळाशी बसेल. जुनं बूच भुसभुशीत असतं, त्याला स्क्रूपेक्षा दोन पात्यांचा ओपनर बरा. ओतताना मानेखाली दिवा धरा आणि गाळ मानेपाशी आला की थांबा. तरुण कॅबरनेला डिकँटरमध्ये (वाइन ओतून हवा देण्याच्या काचेच्या भांड्यात) दोन-तीन तास सोसतात. पंचवीस वर्षांची वाइन तेवढ्यात विरून जाऊ शकते, ती गाळ वेगळा केला की लगेच प्या.

ग्लासात अल्कोहोल नाकात भरत असेल तर वाइन गरम आहे, पंधरा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. नुसताच तुरट-कडू लागत असेल तर बहुधा जास्त गार आहे. 16 ते 18 अंश बरे. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर मात्र हवा देऊन तो जाणार नाही. तो टीसीए नावाच्या रसायनाचा, म्हणजे बहुतेकदा बुचाचा दोष. वर्षाला किंवा वयाला बोल न लावता दुसरी बाटली उघडा, पहिलीतली वाइन बुचासकट ठेवा आणि वाइनरीला कळवा. अनेक वाइनरी बाटली बदलून देतात.