पोटाचा रिपोर्ट हाती आला की शब्द असा फोडायचा

मी घाटंजी तालुक्यातल्या एका गावात 14 वर्षांपासून आशा सेविका आहे. कापूस वेचणीच्या दिवसांत संध्याकाळी घरी आले की ओट्यावर कोणी ना कोणी दवाखान्याचा कागद घेऊन बसलेलं असतं. असाच एकदा आमच्या गल्लीतल्या काकूंनी यवतमाळहून केलेल्या सोनोग्राफीचा कागद पुढे केला. "ताई, हेपॅटोमेगाली लिवलं हाय. मले कँसर झाला काय वो?" दोन दिवस त्या घरात कोणी धड जेवलं नव्हतं.

मी पेन घेऊन त्या शब्दाच्या मधोमध रेघ मारली. हेपॅटो म्हणजे यकृत. मेगाली म्हणजे आकार वाढणं. यकृत वाढलेलं आहे, एवढंच कागद म्हणतो. का वाढलं, ते तपासून डॉक्टर सांगतील. काकूंनी पदरानं डोळे पुसले आणि चहा मागितला.

पोटाचे बहुतेक शब्द असेच जोडून केलेले असतात. पुढचा तुकडा अवयव सांगतो, मागचा तुकडा त्या अवयवाचं काय झालं किंवा काय केलं ते सांगतो. म्हणून शब्द मागून वाचायला लागा. शेवटी आयटिस दिसलं की सूज. ऑस्कोपी दिसलं की नळी घालून आतून पाहणं. एक्टॉमी म्हणजे तो भाग कापून काढून टाकणं. ऑस्टॉमी मात्र वेगळं आहे, त्यात बाहेरून नवीन तोंड करतात. कोलो म्हणजे मोठं आतडं, म्हणून कोलोस्टॉमी झालेल्या माणसाच्या पोटावर संडासची पिशवी लावलेली असते.

अवयव ओळखायला बोकड आठवा. पोळ्याच्या पाडव्याला ज्यानं बोकड साफ केला, त्याला अर्धं शरीरशास्त्र येतं. कलेजी म्हणजे यकृत, तेच हेपॅटो. वजडीतली जाड पिशवी म्हणजे जठर, त्याला गॅस्ट्रो म्हणतात. लांबच लांब आतडं ते एंटेरो. माणसाचं लहान आतडं साधारण 6 मीटर असतं. आणि कलेजीला चिकटलेली ती हिरवट पिशवी, जी फुटली तर सारं मटण कडू होते, ते पित्ताशय. कोली म्हणजे पित्त, सिस्ट म्हणजे पिशवी, लिथ म्हणजे खडा. आता कोलेलिथियासिस वाचा: पित्ताचे खडे. कोलेसिस्टायटिस: पित्ताशयाला सूज. कोलेसिस्टेक्टॉमी: पित्ताशय काढणं.

इथं थोडं थांबते, कारण सगळ्यात जास्त घोळ "पित्त" याच शब्दात होतो. आपण "पित्त झालं" म्हणतो तेव्हा छातीत जळजळ, करपट ढेकर, आंबट पाणी तोंडाशी येणं असं सांगत असतो. ते जठरातलं आम्ल असतं. डॉक्टरांच्या कागदावरचं पित्त यकृतात तयार होतं, पिशवीत साठतं आणि तेलतुपाचं जेवण पचवायला आतड्यात उतरतं. दोन्ही वेगळे. मागच्या वर्षी एक दादा खुशीत होते की पिशवी काढली, आता पित्ताचा त्रास कायमचा गेला. महिनाभरात जळजळ तशीच सुरू, आणि त्यांना वाटलं ऑपरेशन फसलं. ऑपरेशन नीटच झालं होतं. म्हणून डॉक्टरपुढे नुसतं "पित्त" म्हणू नका. जळते कुठं, उलटी आंबट की कडू हिरवी, दुखणं उजव्या बरगडीखालून पाठीकडे जाते काय, हे सांगा.

शब्दाच्या सुरुवातीला डिस दिसलं की बिघाड किंवा अडचण. डिस्पेप्सिया म्हणजे अपचन. डिसेंट्री म्हणजे आव-रक्ताचे ढाळ. डिस्फेजिया म्हणजे गिळायला त्रास, आणि हा शब्द कागदावर असेल तर वेळ घालवू नका. आधी भाकर अडकते, मग भात, मग पाणीसुद्धा, असं होत गेलं तर ते गंभीर असतं. आपल्याकडे खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारी घोटून, खाणारे घरोघरी आहेत, त्यांनी तर मुळीच वाट पाहू नये.

एक चूक माझ्या हातून झाली, ती सांगते. माझे सासरे गुडघ्यांसाठी दुकानातून आणलेल्या दुखण्याच्या गोळ्या रोज खायचे. रक्त कमी होतं म्हणून लोहाच्या गोळ्याही सुरू होत्या. संडास काळी होते म्हणाले, तर मी लोहाच्या गोळ्यांमुळे होत असेल म्हणून सोडून दिलं. लोहानं रंग काळा होतोच. पण त्यांची संडास डांबरासारखी चिकट होती आणि वास सहन होत नव्हता. त्याला मेलेना म्हणतात. पोटात वरच्या भागात रक्त झिरपतं, पचतं आणि असं बाहेर येतं. चार दिवसांनी ते न्हाणीत चक्कर येऊन पडले. एंडोस्कोपीत जठराला अल्सर निघाला, रक्ताच्या बाटल्या लावाव्या लागल्या. तेव्हापासून मी रंग विचारला की चिकटपणा आणि वासही विचारते. उलटीत रक्त असेल तर कागदावर हिमॅटेमेसिस येतं. दोन्हींत रात्र काढायची नाही, 108 ला फोन करायचा.

इक्टेरस म्हणजे कावीळ. कावीळ ही खूण आहे, कारण वेगवेगळी असतात. लघवी गडद, संडास पांढुरकी आणि अंगाला खाज असेल, तर पित्ताची नळी खड्यानं किंवा गाठीनं अडलेली असू शकते. गळ्यातली माळ किंवा नाकातला झाडपाला ती नळी मोकळी करत नाही.

खालच्या जागेचं सगळंच आपण मूळव्याध म्हणतो. पाईल्समध्ये बहुधा न दुखता रक्त पडतं, फिशर म्हणजे चीर, ती संडासच्या वेळी कापल्यासारखी दुखते, आणि फिस्टुला म्हणजे भगंदर, बाजूच्या छिद्रातून पू येतो. लाजून एकाच नावाखाली सांगितलं तर औषध चुकतं.

छोटी अक्षरं पटकन. एन.ए.डी. म्हणजे काही दोष आढळला नाही. पी/ए सॉफ्ट म्हणजे पोट मऊ आहे, चांगली गोष्ट. आर.आय.एफ. म्हणजे बेंबीच्या खाली उजवीकडे, अपेंडिक्सची जागा. एन.बी.एम. म्हणजे तोंडानं काही नाही, चहा नाही, पाण्याचा घोटही नाही. एका आजीला मायेनं दूध-बिस्कीट दिलं आणि ऑपरेशन दुसऱ्या दिवसावर गेलं.

फोडलेल्या शब्दाचा अर्थ त्याच कागदाच्या झेरॉक्सवर लिहा, मूळ कागदावर नको. सोनोग्राफीचे चकचकीत फोटो टिनाखालच्या पेटीत उन्हाळ्यात ठेवू नका, उष्णतेनं काळे पडतात. आणि पुढच्या वेळी सगळे जुने कागद एकाच पिशवीत घालून, तारखेप्रमाणे लावून न्या.