एकाच नावाचे तीन जॉन

मिनेसोटातल्या स्टर्न्स काउंटीत माझ्या नवऱ्याचं आजोळ. जर्मन कॅथलिक शेतकरी, एकेका घरात दहा-बारा मुलं, आणि प्रत्येक घरी एक जॉन, एक हेन्री, एक मेरी ठरलेलीच. वंशावळ मांडताना एकाच आडनावाच्या तीन चुलत जॉनचं पार कडबोळं झालं. १८८० च्या जनगणनेत वय नुसतं वर्षांत, तेही अंदाजे. १८९० ची तर जवळजवळ सगळीच नष्ट झाली. १९२१ च्या आगीत ती सापडली होती.

गुंता सुटला चर्चच्या बाप्तिस्मा-वहीत. नोंदी लॅटिनमध्ये, पण आईचं माहेरचं आडनाव असतं आणि धर्ममातापित्यांची, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाची धार्मिक जबाबदारी घेणाऱ्या दोघांची, नावंही. हे दोघं बहुधा काका, मामा, आत्या, मावशीपैकीच. बाप सारख्या नावाचे असले तरी आयांची माहेरं वेगळी, तिथेच तिघं सुटे झाले. (आपल्याकडच्या किती वंशावळींत सुनांची माहेरं सापडतात?)

मग १९०० ची जनगणना घेतली. तिच्यात जन्माचा महिना आणि वर्ष असतं, शिवाय आईला किती मुलं झाली नि किती हयात, हेही. तो आकडा वहीशी ताडला. एका घरात एक मूल जास्त निघालं. दफनाच्या नोंदींत ते मिळालं: तान्हेपणी गेलेला जॉन. पुढच्या मुलाला तेच नाव ठेवलेलं! सासूबाईंना हा भाऊ ठाऊकच नव्हता, त्यांच्या आजोबांचा.