शाळा उघडण्याआधी बसकाका आणि मावशींची तयारी

बसचं पासिंग, पिवळा रंग, स्पीड गव्हर्नर (वेग मर्यादेत ठेवणारं यंत्र) हे सगळं आरटीओ बघतंच. २०११ च्या स्कूल बस नियमावलीनुसार मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली शालेय परिवहन समितीही नेमलेली असते. पण तिच्या बैठकीत बहुतेक वेळ कागद तपासण्यात जातो. काका आणि मावशींना कोणी काही शिकवतं का, हे फारसं कोणी विचारत नाही. म्हणून जूनच्या पहिल्या आठवड्यात, मुलं यायच्या आधी, एक सकाळ फक्त त्यांच्यासाठी राखून ठेवा. व्हॅनवाल्यांनाही बोलवा. बदली ड्रायव्हरला तर आधी, कारण गडबड नेमकी बदलीच्या दिवशी होते.

लायसन्स, बॅज, पोलिसांचा चारित्र्य पडताळणी दाखला यांच्या प्रती आदल्या दिवशीच गोळा करा, म्हणजे सकाळ त्यात वाया जाणार नाही. सराव वर्गात नको, उभ्या बसमध्येच घ्या. मावशींनी आपत्कालीन दार स्वतः उघडून बघावं, अग्निशामक हातात धरून बघावा. फेरी संपली की शेवटच्या सीटपर्यंत चालत जाऊन सीटखालीही डोकावायचं. बालवाडीतलं मूल झोपलं की दप्तराआड दिसत नाही.

प्रत्येक थांब्याची यादी मावशींकडे छापील हवी. मोबाइल ऐन वेळी बंद पडतो. मुलाला न्यायला कोण येणार, त्याचं नाव आणि फोटो त्यात असावा. ओळखीचं कोणी आलं नाही तर मूल बसमध्येच ठेवायचं, शाळेला फोन करायचा आणि फेरी संपल्यावर शाळेत परत आणायचं. ‘शेजारच्या काकूंकडे सोडलं’ हे चालणार नाही, काकू कितीही चांगल्या असोत.

कोणाला दमा आहे, कोणाला फिट येते, हे पालकांकडून लिहून घ्या. फिट आली तर कांदा, चप्पल हुंगवायची नाही, तोंडात चमचा घालायचा नाही. कुशीवर वळवायचं, घड्याळ बघायचं, पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८ वर रुग्णवाहिकेसाठी फोन करायचा. पावसाळ्यात पुलावरून पाणी वाहत असेल तर गाडी थांबवायची, आणि उशीर झाला म्हणून काकांना कोणी बोलणार नाही हे मुख्याध्यापकांनी सगळ्यांसमोर सांगायचं. तसं सांगितल्याशिवाय कोणी थांबत नाही.

सगळ्यात जास्त वेळ मुलांचा छळ आणि लैंगिक अत्याचार रोखण्याच्या विषयाला द्या. लाजेपोटी तो नेहमी शेवटच्या दहा मिनिटांत उरकला जातो. काकांनी मुलाला मांडीवर बसवायचं नाही, गाडीत एकट्या मुलाला घेऊन वाट वाकडी करायची नाही, मुलांचे फोटो स्टेटसला टाकायचे नाहीत. मागच्या सीटवर मोठी मुलं लहानांना छळतात, तिथे मावशींची नजर हवी. त्या पुढे दारापाशीच बसून राहिल्या तर उपयोग नाही. एखादं मूल गप्प झालं, ठरावीक माणसाजवळ बसायला नको म्हणू लागलं, काही सांगू लागलं, तर ऐकून घ्यायचं. खोदून विचारायचं नाही, ‘कोणाला सांगणार नाही’ असं वचन द्यायचं नाही. २०१२ च्या पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या कलम १९ नुसार लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना देणं प्रत्येकावर बंधनकारक आहे, मावशींवरही. शाळेची अंतर्गत चौकशी होईपर्यंत थांबायची गरज नाही. मुलाचं नाव मात्र पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जाता कामा नये. १०९८ (चाइल्डलाइन) आणि ११२ (आपत्कालीन मदत) हे नंबर दारावर आतून रंगवून घ्या, मुलांना वाचता येतील एवढ्या उंचीवर.

चहा-नाश्ता ठेवा, आणि त्या सकाळचे पैसे काकांना, मावशींना द्या.