ऑफिससाठी सॉफ्टवेअर घेताय? पैसे देण्याआधीची तयारी

दुकानात भाव विचारायला जाण्याआधी एक कोरा कागद घ्या आणि ऑफिसातल्या प्रत्येक कॉम्प्युटरची एक ओळ लिहा. मशीन कोणत्या साली घेतलं, त्यावर कोण बसतं, त्या माणसाचं रोजचं काम काय. या कागदाशिवाय गेलात तर दुकानदार त्याच्याकडे जे शिल्लक असेल ते देईल, आणि त्याला दोषही देता येणार नाही. तो डबा विकतो, तुम्ही मात्र परवानगी विकत घेता. ती परवानगी मशीनशी बांधलेली आहे, माणसाशी की मुदतीशी, हा प्रश्न प्रत्येक ओळीसमोर विचारायचा आहे.

आधी घरात काय आहे ते तपासा. लॅपटॉपबरोबर आलेलं विंडोज बहुधा ओईएम असतं, म्हणजे ते त्या मशीनच्या मदरबोर्डशी बांधलेलं असतं. विंडोज ८ पासून त्याची ‘की’, म्हणजे विंडोज चालू करायचा कोड, मशीनच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे मशीनच्या आतल्या मूळ प्रोग्रॅममध्येच असते, म्हणून खाली चिकटवलेला आकड्यांचा स्टिकर आता दिसत नाही. हार्ड डिस्क बदला, रॅम वाढवा, लायसन्स राहतं. मशीन भंगारात गेलं की लायसन्सही त्याच्याबरोबर जातं. रिटेल, म्हणजे मशीनशिवाय सुटं घेतलेलं लायसन्स महाग पडतं, पण ते जुन्या मशीनवरून काढून नव्यावर घालता येतं. जोडणी केलेली मशीन वापरणाऱ्यांनी हा फरक पैशात मांडून पाहावा, कारण दर काही वर्षांनी त्यांचा मदरबोर्ड बदलतोच.

तिसरा प्रकार व्हॉल्यूम लायसन्सचा. तो संस्थांसाठी असतो आणि करार संस्थेच्या नावे होतो. विंडोजच्या बाबतीत तर हे लायसन्स फक्त अपग्रेडचं असतं, त्याखाली आधीचं अस्सल विंडोज लागतं. कोऱ्या मशीनवर नुसतं व्हॉल्यूम लायसन्स घालून ते मशीन कायदेशीर होत नाही.

इथे थोडं थांबतो, कारण सगळ्यात जास्त माणसं इथेच फसतात. तालुक्याच्या गावी एका कर सल्लागाराच्या ऑफिसात सहा मशीन होती. त्यांनी ऑनलाइन कुणाकडून तरी काही शे रुपयांत विंडोज प्रोच्या की घेतल्या. सगळ्या चालल्या, सगळ्यांना बरं वाटलं. पुढे रिटर्न भरायच्या ऐन गर्दीत दोन मशीनच्या पडद्यावर ‘विंडोज ॲक्टिव्हेट करा’ अशी सूचना आली आणि विकणारा फोन उचलेना. मला बोलावलं तेव्हा कळलं की त्या कुठल्यातरी संस्थेच्या व्हॉल्यूम करारातल्या की होत्या आणि त्या बंद झाल्या होत्या. की चालली म्हणजे लायसन्स मिळालं असं नसतं. की हे कुलूप उघडायचं साधन आहे, तुमचा हक्क सिद्ध होतो तो बिलावर आणि करारावर.

स्वतः तपासायचं असेल तर कमांड प्रॉम्प्ट उघडा. इंग्रजीत एसएलएमजीआर ही पाच अक्षरं, मग एक जागा सोडून तिरपी रेघ (/) आणि तिला लागून डीएलआय, एवढं टाइप केलंत की छोटी खिडकी उघडते. तिच्यात रिटेल, ओईएम की व्हॉल्यूम हे स्पष्ट लिहिलेलं असतं. व्हॉल्यूमच्या पुढे केएमएस दिसलं तर त्या मशीनला दर १८० दिवसांच्या आत संस्थेच्या सर्व्हरकडून मंजुरी लागते. तुमच्या तीन खोल्यांच्या ऑफिसात असा सर्व्हर नसेल, तर हे ॲक्टिव्हेशन आलं कुठून हा प्रश्न विक्रेत्याला विचाराच. भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ६३-ब नुसार बेकायदा प्रत जाणूनबुजून कॉम्प्युटरवर वापरणाऱ्याला किमान ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो.

आता विंडोजची एडिशन. होम की प्रो, हे कामावर ठरवा. ऑफिसात सगळ्यांचं लॉगिन सांभाळणारा डोमेन सर्व्हर असेल, बाहेरून रिमोट डेस्कटॉपने त्या मशीनवर यायचं असेल किंवा मशीन वापरण्याचे नियम ठरवणारी ग्रुप पॉलिसी लावायची असेल तर प्रो. नुसती बिलं, पत्रं आणि ब्राउझर असेल तर होम पुरतं, आणि पुढे गरज पडली तर होमवरून प्रोवर जाता येतं. आपल्याकडच्या कितीतरी लॅपटॉपवर ‘होम सिंगल लँग्वेज’ असतं. त्यात पडद्यावरचा मेनू एकाच भाषेत राहतो, इंग्रजीवरून मराठीवर नेता येत नाही. पण मराठी टायपिंगला काही अडचण नाही, कीबोर्ड वेगळा जोडता येतो. केवळ मराठी टाइप करायला प्रो लागतं असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

मायक्रोसॉफ्ट ऑफिसच्या डब्यावरची नावं शांतपणे वाचा. ऑफिस होम २०२४ आणि होम अँड बिझनेस २०२४ दिसायला सारखे. दोन्ही एकदाच पैसे देऊन एका कॉम्प्युटरसाठी. पण आउटलुक आणि व्यवसायासाठी वापरायची परवानगी दुसऱ्यात आहे. त्याला अपडेट मिळणार ऑक्टोबर २०२९ पर्यंत, पुढची आवृत्ती मात्र फुकट नाही. मायक्रोसॉफ्ट ३६५ भाड्याचं आहे. पर्सनल एकाला, फॅमिली सहा जणांपर्यंत, आणि दोन्ही घरगुती. धंद्यासाठी बिझनेसच्या योजना माणशी मोजतात. भाडं थांबलं की फायली उघडतात, पण त्यात बदल करता येत नाहीत. ऑफिस २०१६ आणि २०१९ चा जुना स्टॉक कुणी स्वस्तात देत असेल तर घेऊ नका, दोन्हींचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. आणि डब्यात सीडी नाही म्हणून घाबरू नका, हल्ली बहुधा २५ अक्षरांचं कार्डच असतं.

३२ बिट की ६४ बिट? विंडोज ११ फक्त ६४ बिट आहे. जुनं एक्सेल मॅक्रो किंवा ॲक्सेसचा डेटाबेस वापरत असाल, तर ऑफिसचं कोणतं बिट घ्यायचं ते आधी तो बनवणाऱ्याला विचारा. छपाईवाल्यांनी फॉन्टच्या सॉफ्टवेअरचा डोंगल, म्हणजे लायसन्ससाठी लावायचा पेनड्राइव्हसारखा तुकडा, नव्या विंडोजवर चालतो का, हे लिहून घ्यावं. ॲडोबीचं पानं जुळवायचं सॉफ्टवेअर पेजमेकर ७ आलं २००१ साली, त्यानंतर नवा पेजमेकर आलाच नाही. त्याच कामाच्या इनडिझाइनच्या २०१३ पासूनच्या आवृत्त्या ॲडोबीने फक्त भाड्याने दिल्या, म्हणून त्यावर जाणाऱ्यांनी प्रत्येक कामाची पीडीएफ आणि आयडीएमएल (इनडिझाइनची दुसऱ्या आवृत्तीतही उघडणारी फाइल) प्रत वेगळी ठेवावी.

हिशेबाच्या टॅलीचं गणित सोपं. सिल्व्हर एका माणसासाठी, गोल्ड एका नेटवर्कवरच्या अनेकांसाठी. कायमचं लायसन्स घेतलं तरी नवी आवृत्ती मिळायला टीएसएस ही टॅलीची वर्गणी चालू असावी लागते, तिचं नूतनीकरण खर्चात धरा. तुमची संस्था कंपनी कायद्याखालची कंपनी असेल तर १ एप्रिल २०२३ पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये नोंदींच्या बदलांचा माग राहणं सक्तीचं आहे. त्यासाठी टॅलीप्राइम एडिट लॉग ही वेगळी आवृत्ती आहे, त्यात तो माग बंद करता येत नाही. एकट्याच्या मालकीच्या दुकानाला ही सक्ती नाही. आपण कशात बसतो ते सीएंना विचारूनच कोणती घ्यायची ते ठरवा.

कागदावर ज्या ओळीसमोर फक्त पत्रं आणि साधे तक्ते आले असतील, तिथे लिबरऑफिस घालून पाहा. ते ऑफिसच्या कामालाही फुकट वापरता येतं आणि मेनू मराठीतही होतो. पण ‘फुकट’ शब्दाला फसू नका. दूरचं मशीन चालवायचं टीमव्ह्यूअर फुकट आहे ते खासगी वापरासाठी, फायली दाबून छोट्या करणाऱ्या विनरारची चाचणी ४० दिवसांची असते. ऑफिसात विनरारऐवजी सेव्हन-झिप लावा, त्याला पैसे लागत नाहीत.

आणि ईमेल. लायसन्स कोणाच्या ईमेलवर नोंदवायचं, हे विकत घेण्याआधी ठरवा. ऑपरेटरच्या खासगी जीमेलवर नोंदवलेली लायसन्स, तो नोकरी सोडून गेल्यावर, मागायला त्याच्या घरी गेलेले मालक मी पाहिलेत. कधी डीलरच ‘मी करून देतो’ म्हणून स्वतःचा आयडी टाकतो. तिथे नाही म्हणा. ऑफिसच्या नावाचा एक ईमेल काढा, त्याचा पासवर्ड मालकाकडे राहू दे, आणि रिकव्हरीचा मोबाइल नंबरही मालकाचाच द्या.

बिल जीएसटीचं घ्या, त्यावर तुमचा जीएसटी क्रमांक आणि सॉफ्टवेअरचं पूर्ण नाव असू दे. नुसतं ‘सॉफ्टवेअर १ नग’ चालणार नाही. १८ टक्के कर लागतो, आणि तुम्ही नोंदणीकृत असाल व तुमच्या विक्रीवर जीएसटी असेल तर त्याची वजावट (इनपुट टॅक्स क्रेडिट) याच बिलावर मिळते. बिल, कार्डचा दोन्ही बाजूंचा फोटो आणि पहिल्या कागदाची प्रत एकाच फाइलीत लावा. कोणतंही मशीन विकताना किंवा भंगारात देताना ही फाइल आधी उघडा, आणि त्या ओळीसमोर रिटेल लिहिलेलं असेल तर मशीन गाडीत चढायच्या आत लायसन्स काढून घ्या.