अर्धशिशीत कपाळाचा रक्तप्रवाह मोजताना या चुका टाळा

नवी मुलं आल्याआल्या प्रोब, म्हणजे प्रवाह टिपणारा सेन्सर, चिकटवतात आणि स्क्रीनकडे बघत बसतात. आधी रुग्णाच्या कपाळाकडे नीट बघा. हात लावा, वासही घ्या.

एकदा एका बाईंच्या कपाळावर लेझर डॉप्लरचं (लेझरच्या प्रकाशाने कातडीतला रक्तप्रवाह मोजणाऱ्या यंत्राचं) रीडिंग उजवीकडे डावीच्या जवळजवळ दुप्पट येत होतं. दुखणंही उजवीकडचंच, त्यामुळे आमचा विद्यार्थी हरखून गेला. प्रोब काढायला मी वाकले आणि बामाचा वास आला. "सकाळी जरा ठणकत होतं हो ताई, म्हणून चोळला," बाई म्हणाल्या. मेंथॉलने त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात. तासभर आम्ही बामाचा परिणाम मोजत बसलो होतो! तेव्हापासून आदल्या दिवशी मी स्वतः फोन करते: बाम नको, सकाळचा चहा-कॉफी नको, गोळी घेतलीत तर लपवू नका. आल्यावर वीस मिनिटं स्वस्थ बसवते, पंखा बंद करून. ही वीस मिनिटं वाचवून आणलेली रीडिंगं मी बघतसुद्धा नाही.

सोबत ईईजी, म्हणजे मेंदूतले विजेचे संकेत, टिपत असाल तर त्याची टोपी कपाळावर करकचून बसवू नका. दाबाने तिथला प्रवाह घटतो आणि डोकंही दुखतं. डॉप्लरचे आकडे मिलिलिटरमध्ये नसतात, तेव्हा दोन माणसांचे कच्चे आकडे शेजारी मांडू नका. ज्याचा त्याचा विश्रांतीतला आकडा धरून बदल काढा.

मेंदूतलं रक्त मोजायला इन्फ्रारेड प्रकाश वापरत असाल तर प्रकाश जाताना-येताना कपाळाच्या कातडीतूनच जातो. परतलेला प्रकाश टिपणारा नेहमीचा डिटेक्टर दिव्यापासून तीन सेंटीमीटरवर असतो; शिवाय आठेक मिलिमीटरवर एक जवळचा लावा आणि कातडीचा वाटा वजा करा. अर्धशिशीत तर कातडीतलं रक्त वाढण्याचा संभव जास्तच. चेहऱ्या-कपाळाच्या संवेदना नेणाऱ्या ट्रायजेमिनल नसेच्या टोकांतून सीजीआरपी नावाचं रसायन सुटतं आणि वाहिन्या फुगतात. त्यामुळे कपाळ लाल दिसलं म्हणून 'रक्त वाढल्याने दुखतं' असं लिहून मोकळं होऊ नका.

सगळ्यात जास्त जीव जातो तो तारखांपायी. झटके नसतानाच्या दिवसांत काळ्या-पांढऱ्या चौकटींचा पट पडद्यावर सारखा उलटसुलट दाखवला, तर ईईजीत दिसणारा निरोगी मेंदूचा प्रतिसाद हळूहळू उतरतो. अर्धशिशीवाल्यांचा बऱ्याच अभ्यासांत उतरलेला नाही. झटका जवळ आला की हा फरक पुसट होतो. म्हणून मोजणीआधीचे तीन दिवस झटक्याविना कोरे हवेत, आणि नंतरचेही. नंतरचं कोणी विचारतच नाही! मी चौथ्या दिवशी फोन करते. "त्याच रात्री उठलं हो" असं उत्तर आलं की ते रीडिंग 'झटक्यापूर्वीचं' म्हणून वेगळ्या वहीत जातं.